उतरवलेल्या झेंड्याचं काय होतं

पंधरा ऑगस्टच्या सकाळी झेंडा चढतो तेव्हा सगळं गाव मान वर करून उभं असतं. संध्याकाळी तो उतरतो तेव्हा मैदानात बहुधा दोघंच असतात. एक दोरी सैल सोडणारा, दुसरा कापड जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून उभा राहिलेला. मधल्या वेळात पावसाची एखादी सर येऊन गेलेली असते. हातात पडतं ते चिंब, जड झालेलं कापड. कडेला दोरीचा मळ लागलेला, एखादी झेंडूची पाकळी चिकटलेली. त्याचं पुढं काय करायचं, हा प्रश्न त्या दोघांवर टाकून बाकीचे कधीच जिलेबी खाऊन घरी गेलेले असतात.

मराठवाड्यात हा प्रश्न वर्षातून एकदा जास्त पडतो. उरलेल्या महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. इथं त्यात १७ सप्टेंबरची भर. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा नांदेड, लातूर, उदगीर हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिरंगा लावायला बंदी होती आणि त्याच दिवशी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आता मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून ध्वजारोहणाने साजरा होतो. म्हणजे चारपैकी दोन ध्वजारोहणं ऐन पावसाळ्यात, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम महिना. ऑगस्टात भिजलेला झेंडा नीट वाळला की नाही, याचा निकाल सप्टेंबरात पेटी उघडल्यावर लागतो.

योगायोग असा की हा झेंडा तयारही इथंच होतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज शिवते, आणि त्याची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणली जाते. उदगीर इतिहासाच्या पुस्तकात येतं ते १७६० च्या लढाईमुळं, सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं त्या. तिथल्या मागांवरचं कोरं कापड धुलाई आणि रंगाईसाठी अहमदाबादला जातं, केशरी, पांढरा, हिरवा असे तीन तागे होऊन नांदेडला परत येतं, मग कापलं जातं, पांढऱ्यावर चक्र छापलं जातं, तिन्ही पट्टे जोडले जातात. कर्नाटकात हेच काम हुबळीजवळच्या बेंगेरीत चालतं, आणि झेंड्याची खादी धारवाडजवळच्या गरगमध्येही विणली जाते. देशभरच्या कचेऱ्यांवर फडकणाऱ्या खादीच्या झेंड्यांचा उगम शोधत गेलं तर माणूस अशा दोन-चार ठिकाणीच पोचतो.

हे काम दिसतं त्यापेक्षा चिकट आहे. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचा आहे. झेंड्याची नऊ मापं ठरलेली आहेत. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान टेबलावरचा १५० बाय १०० मिलिमीटर. लांबी-रुंदीचं प्रमाण कुठंही ३:२. चक्राचा व्यासही मापागणिक ठरलेला. मोठ्या झेंड्यावर १२९५ मिलिमीटर, टेबलावरच्यावर २५. चोवीस आऱ्यांचं हे निळं चक्र दोन्ही बाजूंनी छापायचं आणि ते एकमेकांवर तंतोतंत बसायला हवं. झेंडा उन्हाच्या बाजूने पाहिला तर जराशी चूकही आरपार दिसते. खांबाकडची जी पट्टी असते, जिच्यातून दोरी जाते, ती वेगळ्या, जाडजूड खादीची. सगळा ताण तिच्यावर येतो म्हणून. रंग उन्हात किती टिकतो, धुण्यात किती टिकतो, याच्याही कसोट्या मानकात आहेत. म्हणजे हे कापड उन्हात राहणार आणि कधीतरी पाण्यातून निघणार, हे मानक लिहिणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

वापरणाऱ्यांनी मात्र ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

वाऱ्यात राहणारं कापड कसं मरतं, हे पाहायचं तर झेंड्याचं खांबापासून दूरचं टोक पाहावं. झेंडा बहुधा तिथूनच विरतो. वारा कापडाच्या दोन्ही अंगांनी वाहताना त्यात लाटा उठतात आणि त्या मोकळ्या टोकाकडे जाता जाता मोठ्या होत जातात. टोकापाशी कापड आसुडासारखं फटकारलं जातं, दर फटक्याला धागे वाकतात, एकमेकांवर घासतात. आधी शिवण उसवते, मग कोपऱ्याचे धागे लोंबू लागतात, मग फाटत फाटत ते आत येतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळं एका वादळी रात्रीत झेंड्याचं जितकं आयुष्य जातं तितकं कित्येक शांत दिवसांत जात नाही. ज्याच्यामुळं झेंडा झेंडा दिसतो ते फडफडणंच त्याला खातं.

या बाबतीत एक वेगळीच जमात फार दक्ष असते. ती मराठवाड्यापासून चारशे किलोमीटरहून दूर, समुद्रावर भेटते. गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर किंवा तमिळनाडूत रामेश्वरम आणि तुतिकोरीनच्या बाजूला पायाखाली फळी बांधून, मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून सुसाट जाणारी माणसं दिसतात. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. पतंग म्हटल्यावर नांदेड-लातूरकडच्या माणसाला संक्रांतीचा कागदी पतंग आठवणार. त्याच्या निगराणीचा प्रश्नच नसतो. कटला की विषय संपला. हा पतंग मात्र बारा-बारा चौरस मीटरचा असतो, त्याची किंमत लाखाच्या घरात जाते आणि खोल पाण्यात माणसाला किनाऱ्यावर परत आणणारी तीच एक वस्तू असते.

त्याची रचना ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या दोन भावांनी बसवली. १९८४ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. युक्ती साधी होती. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी, तिला काटकोनात आणखी काही नळ्या, आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं पातळ पॉलिएस्टरचं कापड. नळ्यांत पंपाने हवा भरली की पतंगाला कणा येतो. पाण्यात पडला तरी तो बुडत नाही, तरंगत राहतो आणि पुन्हा उडवता येतो. नळीचं बाहेरचं आवरण जाड पॉलिएस्टरचं, आतला फुगा पॉलियुरेथेनचा. तीन तऱ्हेची कापडं आणि पापुद्रे, शिवणी, झडपा, दोऱ्या. यातलं काहीही कधीही दगा देऊ शकतं.

म्हणून या लोकांचा अर्धा खेळ पाण्याबाहेर चालतो. खेळून आल्यावर पतंग वाऱ्यात फडफडत ठेवायचा नाही, हा पहिला नियम. हवेत ताणलेला पतंग फारसा झिजत नाही, किनाऱ्यावर लटपटत पडलेला झिजतो. लगेच पालथा घालून त्यावर वाळू ठेवायची, आणि निघताना ती सगळी झटकायची. घडीत राहिलेले वाळूचे कण कापडाला किसणीसारखं काम करतात. मीठ त्याहून लबाड. खारं पाणी वाळलं की मिठाचे बारीक कण कापडात, शिवणींत, झडपांच्या भोवती राहतात. ते हवेतला दमटपणा ओढून घेतात, त्यामुळं वाळला म्हणून गुंडाळलेला पतंग पिशवीत पुन्हा ओला होतो. गोड्या पाण्याने धुवावा तर दुसरी अडचण. आवरण आणि फुगा यांच्यामध्ये पाणी शिरलं तर ते लवकर सुकत नाही आणि तिथंच बुरशीचा वास धरतो. यावरून दोन तट आहेत. एक दरवेळी धुणाऱ्यांचा, दुसरा क्वचितच धुणाऱ्यांचा. पुढच्या गोष्टींवर मात्र दोघांचं एकमत आहे. साबण नको. वाळवायचा सावलीत, थोडी हवा भरलेल्या अवस्थेत, म्हणजे घड्या उघड्या राहतात. वाळल्यावर झडपा उघडून हवा काढायची, सैलसर गुंडाळायचा, दरवेळी त्याच रेषेवर घडी घालायची नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवायचा नाही, कारण उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की फुग्याचा पापुद्रा चिकट होऊ लागतो आणि झडपांचा गोंद सुटतो.

हे सगळं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. निष्काळजीपणाची किंमत लगेच आणि स्वतःलाच मोजावी लागते, एवढं त्यामागचं कारण.

आकारात मात्र झेंडा या पतंगाला हार जात नाही. ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा तिरंगा म्हणजे सव्वीस चौरस मीटरहून जास्त कापड, माणसाला पाण्यावरून ओढत नेणाऱ्या पतंगाच्या दुप्पट. तो माणसाला उचलत नाही, कारण तो वारा धरून ठेवत नाही, सोडून देतो. पण ओला झालेला एवढा मोठा झेंडा उतरवताना दोघांचे हात पुरत नाहीत. आणि उतरवल्यावर त्याच्या वाट्याला येतात ती कचेरीतली दोन टेबलं, एक खिडकी आणि घरी जायची घाई.

२६ जानेवारी २००२ पासून लागू झालेली भारतीय ध्वजसंहिता सन्मानाबद्दल बारकाईने बोलते. झेंडा झपाट्याने चढवावा, सावकाश आणि आदराने उतरवावा. जमिनीला किंवा पाण्याला लागू देऊ नये. फाटका, चुरगळलेला लावू नये. मळेल किंवा खराब होईल अशा तऱ्हेने वापरू नये, ठेवूही नये. हवामान कसंही असो, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत फडकवावा, असंही तीत होतं. भिजणं असं नियमातच आलं. वाळवणं मात्र ज्याच्या त्याच्या समजुतीवर राहिलं.

घडी कशी घालावी हे सरकारने चित्रं काढून सांगितलं आहे. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा मधल्या पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी अशी घडी घालायची की वर फक्त अशोकचक्र आणि दोन्ही रंगांची थोडी कड दिसावी. मग तो तळहातांवर किंवा हातांवर घेऊन जागेवर न्यायचा. दिसायला ही घडी देखणी आहे. पण तिच्यात एक अट न सांगता दडलेली आहे. दोन्ही रंगीत पट्टे पांढऱ्याला पाठीमागून चिकटून बसतात. कापड ओलं असेल आणि रंग कच्चा असेल, तर एका रात्रीत पांढऱ्यावर केशरी आणि हिरव्याचे डाग उमटतात. ही घडी कोरड्या झेंड्यासाठीच आहे.

पाकळ्यांचंही तसंच. झेंडा उघडताना त्यातून फुलं पडावीत म्हणून आत पाकळ्या बांधायला संहितेची हरकत नाही. आपल्याकडे झेंडू स्वस्त आणि भरपूर. पण झेंडूपासून कापड रंगवायचा रंग काढतात, हे आदल्या रात्री झेंडा बांधून ठेवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. दमट कापडात दाबून राहिलेली पाकळी आपली खूण सोडते. सकाळी ताज्या, कोरड्या पाकळ्या घालाव्यात आणि संध्याकाळी उतरवल्यावर शिवणीत अडकलेल्या वेचून काढाव्यात, एवढी काळजी पुरते.

खादी पाण्याला भीत नाही. सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतो, त्यामुळं भिजण्याने झेंड्याचं नुकसान होत नाही. होतं ते नंतर, पिळण्याने आणि कोंडण्याने. पिळलं की जोडशिवणी ताणल्या जातात, तिन्ही पट्टे वेगवेगळे आकसतात आणि झेंडा वाकडा होतो. आधी निथळू द्यायचा. मग वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी, पट्टे एकमेकांना टेकणार नाहीत असा, उघडा पसरायचा. मधे एकदा उलटा करायचा. व्हरांड्यात आडव्या बांबूवर तो छान वाळतो. तारेवर टाकला तर गंजाचा डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. कडक उन्हात वाळवला तर लवकर वाळतो खरा, पण उन्हाने रंगही विटतो आणि धागाही कमजोर होतो. दोरीची पट्टी जाड असल्यामुळं सगळ्यात शेवटी वाळते. झेंडा वाळला का हे पाहताना हात तिथं लावायचा. मधलं कापड कोरडं लागलं म्हणून घडी घातली की ओल त्या पट्टीतून पेटीभर पसरते.

पेटीत शत्रू वेगळे असतात. हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा असला की सुती कापडाला बुरशी लागायला तेवढं पुरतं. पावसाळ्यात बंद कपाटात तो असतोच. कडक इस्त्रीसाठी खळ घातलेली असेल तर कसर येते, कारण तिला खळीतला स्टार्च हवा असतो. म्हणून ठेवणीतल्या झेंड्याला खळ नको, चढवायच्या आदल्या दिवशी इस्त्री पुरे. लोखंडी ट्रंकेत ठेवायचा तर खाली धुतलेल्या जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं अस्तर हवं. प्लास्टिकच्या पिशवीत तर ठेवूच नये, राहिलेली ओल आतल्या आत कोंडते. गठ्ठ्यांच्या खाली दाबून ठेवला तर घडीच्या रेषेवर धागे तुटतात. दोन-तीन महिन्यांनी काढून, झटकून, घडीची रेष बदलून ठेवला तर तुटत नाहीत. ज्या शाळेत शिपाईमामा हे आपणहून करतात, तिथला झेंडा वर्षानुवर्षं चालतो. ते बदलून गेले की पेटीची किल्ली नव्या माणसाकडे जाते, हात मात्र जात नाही.

नांदेडात आणखी एक झेंडा आहे आणि त्याच्या निगराणीची रीत फार जुनी आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला, त्या सचखंड श्री हुजूर साहिबच्या आवारात निशाण साहिब उभे आहेत. शीख परंपरेत या ध्वजस्तंभाला वस्त्र नेसवलेलं असतं, त्याला चोला म्हणतात. ठरलेल्या सणाला, विशेषतः बैसाखीला, चोला उतरवतात, खांब दुधा-पाण्याने धुतात, पुसतात आणि नवं वस्त्र चढवतात. हे काम सेवा म्हणून होतं आणि त्यात हात लागावा म्हणून लोक पुढं सरसावतात. झेंडा फाटेपर्यंत वाट पाहायची नाही, त्याची मुदत पंचांगानेच ठरवलेली. उतरवणं हाच तिथं समारंभ असतो. सरकारी झेंड्याचा समारंभ चढवण्यापाशी संपतो, हा दोहोंतला फरक एकाच शहरात, थोड्या अंतरावर पाहायला मिळतो.

लातूरच्या शेतकऱ्याला हे शहाणपण शिकवावं लागत नाही, फक्त त्याचं कापड वेगळं असतं. ऑक्टोबरात सोयाबीनची रास खळ्यावर असते आणि परतीचा पाऊस डोक्यावर. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा वर्षानुवर्षं बारा टक्क्यांची राहिली, त्यामुळं एका रात्रीच्या सरीने बाजारभावच बदलतो. रास वाचवते ती ताडपत्री. हंगाम संपल्यावर ती दोन्ही बाजूंनी वाळवायची, अडकलेला दाणा न दाणा झटकायचा, नाहीतर उंदीर येतात आणि घडीच्या घडी कुरतडतात. मग गुंडाळून आढ्याला टांगायची. वर्षभर उन्हात पसरून ठेवलेली ताडपत्री पुढच्या हंगामाला हातात तुकडे-तुकडे होऊन येते, आणि नीट ठेवलेली तीन-चार राशी पाहते. रामेश्वरमचा पतंगवाला आणि लातूरचा शेतकरी एकमेकांना कधी भेटले, तर या विषयावर त्यांचं तासभर सहज जमेल.

आता झेंड्याचंच कापड बदललं आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत हातमागाच्या खादीबरोबर यंत्रावरचं आणि पॉलिएस्टरचं कापडही आलं. पाठोपाठ जुलै २०२२ मध्ये, ‘हर घर तिरंगा’ मोहिमेच्या तोंडावर, नागरिकांना झेंडा दिवस-रात्र फडकवायची मुभा मिळाली. त्याआधी २००४ मध्ये नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला होता. झेंडा कचेरीतून घरात आला, ही आनंदाचीच गोष्ट. पण कोट्यवधी झेंडे एका महिन्यात हवे झाल्यावर ते उदगीरच्या मागांवर विणले जाणं शक्यच नव्हतं. खादी संस्थांनी विरोध केला, निवेदनं दिली, हुबळीत धरणं धरलं. यंत्राचं कापड स्वस्त, आणि स्वस्ताईपुढं निवेदनाचं फार चालत नाही.

पॉलिएस्टरची बाजूही ऐकली पाहिजे. ते पाणी धरत नाही, झटकलं की अर्धं वाळतं, त्याला बुरशी सहज लागत नाही, कसर त्याला तोंड लावत नाही. पतंगवाल्यांनी आणि उंच स्तंभ उभारणाऱ्यांनी ते उगाच निवडलेलं नाही. कोल्हापुरात २०१७ च्या महाराष्ट्रदिनी ३०३ फुटी स्तंभावर तिरंगा चढला. त्याच वर्षी पंजाबात अटारीच्या सीमेवर ३६० फुटी स्तंभ उभा राहिला. एवढ्या उंचीवर खादी टिकणार नाही म्हणून तिथं कृत्रिम धाग्याचंच कापड लागतं. तरी अटारीचा झेंडा पहिल्या काही आठवड्यांतच वाऱ्याने फाटला आणि पुन्हापुन्हा बदलावा लागला. धागा कुठलाही असो, उंचीवरचा वारा आधी टोकालाच धरतो. आणि रात्रंदिवस फडकणारा झेंडा जुन्या नियमातल्या झेंड्यापेक्षा सुमारे दुप्पट वेळ फटके खातो. सूर्यास्ताला उतरवायची जुनी पद्धत सन्मानासाठी होती, पण तिने कापडाचीही बरीच वर्षं वाचवली.

फाटलेल्या झेंड्याचं काय, इथं सगळ्या वाटा वेगळ्या होतात. जुन्या पतंगाच्या कापडाच्या पिशव्या आणि पाकिटं शिवतात. जुनी ताडपत्री गोठ्याच्या कुडाला लागते, मग कडब्यावर जाते, मग पायपुसणं होते. झेंड्याला असं दुसरं आयुष्य नाही. त्याचा कमरेखालचा पोशाख, उशी, रुमाल, पडदा असं काही करायला कायद्याने मनाई आहे. संहिता सांगते की खराब झालेला झेंडा एकांतात, पूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा त्याची प्रतिष्ठा राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने नष्ट करावा. कचेरीत त्याआधी डेडस्टॉक रजिस्टरात त्याचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे नोंदीतून तो वजा करावा लागतो, आणि त्यासाठी साहेबाची सही. ती सही लांबत जाते म्हणून कित्येक पेट्यांत नव्या झेंड्याखाली दोन-तीन जुने झेंडे नुसते पडून असतात. त्यांची बुरशी नव्याला लागते.

जाळण्याचा नियम लिहिला गेला तेव्हा झेंडा सूत, लोकर किंवा रेशमाचा असायचा. सुती खादी पेटते, भुरभुर जळते आणि चिमूटभर राख उरते. पॉलिएस्टर तसं जळत नाही. अडीचशे अंशांच्या थोडं पुढं ते वितळू लागतं, काळा धूर सोडतं, थेंब-थेंब गळतं आणि थंड झालं की खाली कडक काळे गोळे राहतात. ‘हर घर तिरंगा’नंतर अनेक शहरांत महापालिकांनी आणि स्वयंसेवकांनी घरोघरचे झेंडे परत गोळा करायचं चांगलं काम केलं. पण गोळा झालेल्या त्या गठ्ठ्यांसाठी संहितेतली पहिली शिफारस कामाची नाही, आणि दुसऱ्या रीतीचा तपशील तिने दिलेला नाही. यंदा १७ सप्टेंबरच्या आधी नांदेड-लातूरकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीने नवा झेंडा मागवायचं ठरवलं, तर ग्रामसेवकाने किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारायला हरकत नाही. कापड कशाचं आहे, आणि पेटीत आधीपासून पडलेल्या झेंड्यांच्या निर्लेखनाचा ठराव त्याच बैठकीत घेता येईल का.